सुमैयाबरोबर ओबानपर्यंत

इंग्लंडहून परत आल्यापासून बडोद्याला रावपुऱ्यात जो भेटतो तो लंडनबद्दल विचारतो. लंडन मी पाहिलेलं नाही. विमानातून उतरले, मुलाच्या गाडीत बसले आणि थेट लेस्टरला त्याच्या घरी गेले. तिथून पुढे बोल्टनला आणि बोल्टनहून दोन दिवसांसाठी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबान नावाच्या लहानशा बंदराला. नऊ आठवड्यांच्या मुक्कामात सांगण्यासारखे दिवस हे एवढेच. मी बडोद्यातल्या एका गुजराती शाळेत सत्तावीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला. ब्रिटिश बेटं न बघता फळ्यावर काढायचे. प्रत्यक्ष तिथे जाऊन जे कळलं ते मात्र नकाशात कुठे दाखवता येण्यासारखं नाही.

लेस्टर

मुलगा आणि सून सकाळी साडेसातला कामावर जात. मग मी, कपडे धुण्याचं यंत्र आणि खिडकीबाहेरचा ओलसर रस्ता. समोरच्या दुकानात गुजराती चालायची, भेंडी आणि हिरवी मिरची मिळायची, त्यामुळे परदेशी आल्याचं फारसं जाणवत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात जुबेदाचा फोन आला.

जुबेदा माझी विद्यार्थिनी. पाणीगेटजवळ तिच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी, पहिला बाक. दहावीला ती शाळेत दुसरी आली आणि तिथेच तिचं शिक्षण थांबलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती बोल्टनला गेली. त्यानंतर दरवर्षी शिक्षकदिनाला तिचा फोन येतो. एकदाही चुकलेला नाही. गुजराती शाळांत बाईंना बेन म्हणतात, तशी ती मला अजूनही बेनच म्हणते.

"बेन, इंग्लंडात येऊन माझ्याकडे न येता परत गेलात तर मी समजेन, तुम्ही मला नापास केलं," ती म्हणाली.

मुलानं मला बोल्टनच्या आगगाडीत बसवून दिलं.

बोल्टन

लाल विटांच्या घरांची लांबच लांब रांग, प्रत्येक घराला चार पायऱ्या आणि एक खिडकी. जुबेदा पायऱ्यांवर उभी होती. आता पंचेचाळिशीची, गोल चेहऱ्याभोवती करडा स्कार्फ. वेण्या आठवून मी क्षणभर थांबले, ते तिच्या लक्षात आलं.

"हा मी लेकीचं पाहून घेतला, बेन. तिनं चौदाव्या वर्षी बांधला. मी म्हटलं, कशाला, शाळेत मुलं चिडवतील. ती म्हणाली, चिडवू देत. दोन वर्षांनी मीही बांधला."

मी मनात नेमकी उलटी गोष्ट रचून आले होते. आई सांगते आणि मुलगी ऐकते अशी.

जुबेदाचे यजमान इस्माईलभाई शहरात बस चालवतात. मितभाषी माणूस. मला 'केम छो' म्हणून त्यांनी माझी बॅग माडीवर नेऊन ठेवली आणि खाली आल्यावर फक्त एवढंच विचारलं की बडोद्याला मांडवीजवळ पूर्वीसारखी गर्दी असते का. मी म्हटलं, जास्त. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

जेवायला तुरीची डाळ, भात, बटाट्याचं शाक. आम्ही बडोद्याचे मराठी लोकही घरात भाजीला शाकच म्हणतो, त्यामुळे तो शब्द ऐकून मला घरी आल्यासारखं झालं. कढई नवी कोरी होती, तिच्या बुडाला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"यात कधी मटण शिजलेलं नाही, बेन. तुमच्यासाठीच आणली," जुबेदा म्हणाली.

बडोद्यात तिच्या घरापासून पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर मी आयुष्य काढलं आणि तिच्या घरी पाण्याचा घोटही कधी प्यायले नव्हते.

संध्याकाळी तिची एकुलती मुलगी सुमैया आली. तेवीस वर्षांची, उंच, निळा स्कार्फ आणि पायांत कॅनव्हासचे बूट. तिची गुजराती ऐकून मला हसू आलं. ती भरूचकडच्या आजीच्या मांडीवर शिकलेली, शेतावरची गुजराती होती. सकाळच्या न्याहारीला, म्हणजे शिरामणाला, आजकाल बडोद्याची मुलं ब्रेकफास्ट म्हणतात. ही बोल्टनमध्ये जन्मलेली मुलगी शिरामण म्हणत होती.

सुमैया सुईण आहे. तिकडे त्याचं तीन वर्षांचं विद्यापीठातलं शिक्षण असतं. तिला ओबानच्या रुग्णालयात मुलाखतीला बोलावलं होतं. तिथून बोटीनं आजूबाजूच्या बेटांवर जाऊन बायकांची बाळंतपणं करायची असं ते काम.

रात्रीची भांडी विसळताना जुबेदानं मला मनातलं सांगितलं.

"इथे दहा पावलांवर मशीद आहे, गल्लीत सगळे आपले आहेत. तिथे कोणी नाही. डोक्यावर स्कार्फ, एकटी मुलगी, बोटीनं फिरणार. कोणी काही केलं तर? आणि कोणी काही नाही केलं, सगळे चांगलेच वागले, तर हळूहळू तीही त्यांच्यासारखी होईल. मला दोन्हीची भीती वाटते." तिनं नळ बंद केला. "मुलाखतीला एकटी नको जाऊ म्हटलं, तर म्हणाली, मग तू चल. मला सुट्टी नाही. तुम्ही जा तिच्याबरोबर, बेन. फिरणंही होईल. आणि वाटेत तिला समजवा. बोल्टनमध्येही बाळं जन्मतात. मी तुमचं ऐकायचे ना, तशी तीही ऐकेल."

मी हो म्हटलं.

ओबानच्या वाटेवर

प्रेस्टनला गाडी बदलून आम्ही ग्लासगोकडे निघालो. सुमैयानं वेफर्सचं पाकीट घेतलं आणि उलटं करून बारीक अक्षरं वाचायला लागली. मीही माझ्या बिस्किटांच्या पुड्याचं तेच करत होते. ती शोधत होती ते वेगळं, मी शोधत होते ते वेगळं. दोघींना मिळून खाण्यासारखं एकच पाकीट निघालं, ते आम्ही वाटून घेतलं.

समोरच्या रांगेत एक पन्नाशीचा माणूस बिअरचा डबा घेऊन बसला होता. बराच वेळ तो सुमैयाकडे बघत होता. मग तो मोठ्यानं म्हणाला की हा देश आता ओळखू येत नाही, तुम्ही लोक आपल्या घरी का जात नाही. 'तुम्ही' म्हणताना त्यानं बोट आमच्या दोघींच्या मधे कुठेतरी रोखलं होतं.

डब्यातल्या लोकांनी फोनमध्ये माना घातल्या. सुमैयानं माझी पिशवी उचलून आपल्या बाजूला घेतली, माझ्याकडे बघून किंचित हसली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. पुढच्या स्टेशनवर तो उतरून गेला.

या प्रसंगातली लिहिण्यासारखी गोष्ट त्या माणसाची नाही, माझी आहे. त्यानं बोट रोखलं तेव्हा माझ्या ओठांवर पहिलं वाक्य आलं ते असं: मी मुसलमान नाही. मी ते बोलले नाही. पण आलं होतं, आणि इंग्रजीत, अगदी व्याकरणशुद्ध.

ग्लासगोला एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात चालत जावं लागतं. माझा गुडघा दुखत होता म्हणून सुमैयानं दोन्ही बॅगा घेतल्या. पुढची गाडी दोनच डब्यांची, आणि ती जिथून जाते तो मुलूख मी वर्षानुवर्षं शिकवलेला. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या, त्यात भरलेलं काळंभोर पाणी, कातळावर शेवाळ आणि मैलोन्मैल एकही घर नाही. मी भूगोल सांगायला सुरुवात केली आणि सुमैया खरोखर ऐकत राहिली. मग घड्याळ बघून ती म्हणाली, "बेन, पाच मिनिटं," आणि फोनमधलं होकायंत्र बघून, बसल्या जागीच थोडी वळून नमाज पढली. आमच्याकडे नमाज पश्चिमेकडे तोंड करून होताना मी आयुष्यभर पाहिलेला. इथे ती आग्नेयेकडे वळली होती. मक्का तिथेच, आपली जागा बदलली की दिशा बदलते, हे मुलींना समजवायला मला या उदाहरणाचा किती उपयोग झाला असता, असं मनात आलं. शाळेत ते कधी सुचलं नव्हतं. वर्गात तेव्हाही सात-आठ मुली मुसलमान होत्या.

ओबान

चंद्रकोरीसारखा वळलेला समुद्रकिनारा, त्यावर दगडी घरं, मागे टेकडी आणि धक्क्याला लागलेल्या काळ्यापांढऱ्या बोटी. गावाच्या मधोमध व्हिस्कीची भट्टी आहे आणि तिचा भाजलेल्या धान्यासारखा वास सगळीकडे पसरलेला. मी नाक वर करून तो वास घेतला आणि सातूच्या पिठाची आठवण झाली असं म्हटलं. सुमैया म्हणाली, "मम्मीला हे सांगू नका. ती म्हणेल, गावाला वासच हराम."

आम्ही एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेतली होती. खोलीत सुमैयानं पुन्हा चटई अंथरली तेव्हा मी दाराकडे निघाले.

"मी बाहेर थांबू का?"

"बसा ना, बेन. फक्त समोरून जाऊ नका."

मी पलंगाच्या कडेला बसले. मला काय करावं कळेना, म्हणून मीही डोळे मिटून मनात अथर्वशीर्ष म्हटलं. ते संपलं तरी ती अजून बसलेली होती. खोलीत इतकी शांतता होती की खालच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बडोद्याच्या माझ्या देवघरातही इतकं शांत मला क्वचित वाटलं असेल, कारण तिथे कुकरकडे कान असतो.

सकाळी नाश्त्याला घरमालकीणबाईंनी दोन भरलेल्या ताटल्या आणल्या. सॉसेज, डुकराचं मांस, रक्ताची काळी वडी. एक ताटली मी परत केली, दुसरी सुमैयानं. शेवटी दोघींपुढे तेच आलं: शिजवलेले घेवड्याचे दाणे, टोमॅटो, अंडं आणि टोस्ट.

"तुम्ही दोघी एकाच धर्माच्या का?" बाईंनी विचारलं.

"नाही," सुमैया म्हणाली, "पण नाश्त्यापुरत्या आहोत."

बाई हसल्या आणि आणखी टोस्ट घेऊन आल्या.

सुमैया मुलाखतीला गेली आणि मी समुद्राकाठच्या बाकावर बसले. जुबेदानं बांधून दिलेले थेपले सोडले. पहिला घास तोंडात घालते तोच एक गलेलठ्ठ समुद्रपक्षी झडप घालून अख्खा थेपला घेऊन गेला. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "त्याला तिखट लागेल." मी बाकीचे पदराखाली धरून खाल्ले.

दोन तासांनी सुमैया आली. मुलाखत बरी झाली होती. ती माझ्याजवळ बसली, बूट काढून पाय लांब केले. जुबेदानं दिलेलं काम करायची हीच वेळ होती. मी सुरुवातही केली.

"बोल्टनमध्येही बाळं जन्मतात," मी म्हटलं.

"हे मम्मीचं वाक्य आहे," ती म्हणाली. रागावली नव्हती. "बेन, बोल्टनमध्ये मुसलमान असणं सोपं आहे. गल्लीत मशीद, कोपऱ्यावर हलाल दुकान, रमजानमध्ये सगळ्यांचाच रोजा. यातलं माझं किती आणि गल्लीचं किती, ते मला कळत नाही. इथे गल्ली नाही. मला बघायचंय, काय उरतं ते."

"आणि काहीच नाही उरलं तर?"

"त्याची मलाही भीती वाटते. पण मला वाटतं, उरेल. आमच्या कामात कोपरापर्यंत हात उघडे ठेवावे लागतात, स्वच्छतेचा नियम. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं त्यापायी कोर्स सोडला. मी महिनाभर विचार केला. वाचलं, लोकांना विचारलं. मग ठरवलं की बाळ हातात घेण्यापूर्वी हात धुणं यात अल्लाला काही वावगं वाटणार नाही. हे मी माझं ठरवलं. असं आणखी ठरवायचंय."

मग मी तिला गाडीतलं सांगितलं. त्या माणसानं बोट रोखलं तेव्हा माझ्या ओठांवर काय आलं होतं ते. सांगताना माझा आवाज शिक्षिकेचा राहिला नव्हता.

"मलाही येतं, बेन," ती म्हणाली. "कुठे बॉम्ब फुटल्याची बातमी आली की पहिलं वाक्य येतं, मी तसली नाही. मग राग येतो, की मी का सांगायचं? कॉलेजात, बसमध्ये, सगळीकडे लोक विचारतात, मुसलमान म्हणून तुला काय वाटतं. बाळंतीण तसलं काही विचारत नाही. ती फक्त विचारते, अजून किती वेळ लागेल."

त्यानंतर तिला बोल्टनलाच राहा म्हणून सांगणं माझ्याच्यानं होईना. कारण तिच्या आईची एक गोष्ट मला आठवत होती, जी तिला ठाऊक नव्हती.

दहावीच्या निकालानंतर जुबेदा शाळेत मला भेटायला आली होती. तिला पुढे शिकायचं होतं, वडील नको म्हणत होते. "बेन, तुम्ही येऊन अब्बांशी बोला. ते तुमचं ऐकतील," ती म्हणाली होती. रविवारी येते, असं मी कबूल केलं. त्या महिन्यात शहरात दंगल झाली होती. कर्फ्यू उठला होता, पण आमच्या घरी सगळ्यांचं म्हणणं पडलं, आत्ता पाणीगेटच्या बाजूला नको. मी गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी शहर शांत होतं, मांडवीत दुकानं उघडी होती, मी स्वतः तिथून बांगड्या आणल्या. तिथून पाणीगेट दहा मिनिटांवर. तरीही गेले नाही. घरच्यांनी अडवलं हे पहिल्या रविवारचं कारण होतं. दुसऱ्या रविवारचं कारण मला आजही सांगता येत नाही, किंवा येतं, पण ते चांगलं नाही.

सुमैयाला मी यातलं काही सांगितलं नाही. ते आधी तिच्या आईला सांगायला हवं होतं.

पुन्हा बोल्टन

"समजावलंत?" सुमैया माडीवर गेल्या गेल्या जुबेदानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जुबेदा, मी तुझ्या अब्बांशी बोलायला येणार होते. आले नाही."

ती ओट्यापाशी पीठ मळत होती. हात थांबले नाहीत.

"तुमच्या लक्षात आहे," ती म्हणाली.

"आहे."

"अब्बांनी समोरच्या दुकानातून खुर्ची आणली होती. आमच्याकडे चांगली खुर्ची नव्हती. अम्मी म्हणाली, बेन आपल्याकडचं खातील का? म्हणून नुसती केळी आणि दूध आणलं. संध्याकाळपर्यंत अब्बा दुकान बंद ठेवून बसले होते. मला वाटतं, तुम्ही आला असतात तर ते हो म्हणाले असते. त्यांना कोणीतरी येऊन विचारायला हवं होतं, एवढंच." तिनं पीठ झाकून ठेवलं. "पुढच्या रविवारीही मी खिडकीत होते."

"तू मला कधी विचारलं नाहीस. दरवर्षी फोन केलास."

"तुम्ही मला शिकवलं होतं ना, बेन. तेही खरंच होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पिठाच्या हातानंच मला खुर्चीवर बसवलं. मी तिला विचारलं की इथे मोठ्या बायकांसाठी वर्ग असतात असं ऐकलं, आता मी तिच्याबरोबर चौकशीला येऊ का. ती हसली.

"नको, बेन. आता मला ते नकोय. तेव्हा हवं होतं."

इस्माईलभाई कामावरून आले, आमचे चेहरे बघून स्वतःच चहा ठेवायला लागले. जुबेदा हात धुऊन जिन्यापाशी गेली. वर बघून तिनं हाक मारली, "सुमैया, तिथे खोली कुठे घेणार आहेस? खाली ये आणि नीट सांग." आणि मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "भीती मला अजून वाटतेच आहे. ती गेली असं समजू नका."

बडोदे

मी परत आले तेव्हा सुमैयाला नोकरी मिळाल्याचं कळलं होतं. ऑगस्टमध्ये ती ओबानला राहायला गेली. पहिल्या महिन्यात खोली मिळायला त्रास झाला. दोन ठिकाणी फोनवर खोली रिकामी होती आणि ती दारात जाऊन उभी राहिल्यावर भरली. शेवटी आम्हाला टोस्ट देणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनीच आपली माडी दिली. रोज पहाटे एकटीनं नमाजाला उठणं जड जातं, आठवड्यातून एखादा चुकतो, असं तिनं मला लिहिलं होतं. आईला लिहिलं नव्हतं.

डिसेंबरात एका दुपारी जुबेदाचा फोन आला. शिक्षकदिन नव्हता.

"बेन, मी ओबानला आहे. एकटी आले. प्रेस्टनला गाडी बदलली, ग्लासगोला स्टेशन बदललं, सगळं केलं."

सुमैया मात्र तिथे नव्हती. परवा एका बेटावर बाळंतपणाला गेली ती वादळामुळे तिकडेच अडकली होती. काल बोटी बंद होत्या. आज पहिली बोट सुटल्याचं बाईंनी सांगितलं होतं.

"बाळ?" मी विचारलं.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. काल फोन लागला तेव्हा मी सुमैयाला विचारलं, आपल्यात बाळाच्या कानात अजान देतात, तू काही म्हटलंस का? ती म्हणाली, मम्मी, ते त्यांचं बाळ. मी पुसलं, गुंडाळलं, आईच्या छातीवर ठेवलं. बिस्मिल्ला मनात म्हटलं, ते माझ्या हातांसाठी." मग जुबेदा म्हणाली, "मला हे कोणी शिकवलं नव्हतं, बेन. हे तिनं कुठून आणलं?"

"तिला विचार."

"विचारीन. येऊ दे." वाऱ्यानं खिडकीची काच थरथरल्याचा आवाज फोनमधून आला. "बेन, तुम्हाला काम असेल."

"नाही. बोल तू."

मग आम्ही काहीबाही बोलत राहिलो. तिनं खिचडी टाकली होती, बाईंना ती आवडली होती, गावात कोथिंबीर मिळत नव्हती. एकदा म्हणाली, लाटा बोटीएवढ्या आहेत. मी तिला त्या खाडीबद्दल सांगितलं. समोरचं बेट वारा अडवतं, त्यामुळे आतलं पाणी शांत असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती म्हणाली, "हे खरं सांगताय की मला बरं वाटावं म्हणून?" मी म्हटलं, "खरं."

पाऊण तास झाला असेल.

"दिसली," जुबेदा म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. फोन बंद करायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि मग जिन्यावरून भराभर उतरणारी पावलं मला ऐकू येत राहिली.